रविवारचा फोन

सोलापुरात भवानी पेठेतल्या आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून टॉवेलांचा कारखाना होता. सकाळी तिथले माग सुरू झाले की आमच्या फळीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणत. त्या खटखटाटावरून ऐकू जावं म्हणून आमच्या घरात सगळेच ओरडून बोलत. नवा पाहुणा आला की त्याला वाटे, आत भांडण लागलंय. अव्वा, म्हणजे आमची आई, अक्कलकोटकडची. ती निम्मं मराठी, निम्मं कन्नड बोलायची. लाड करायचे असले किंवा शिव्या द्यायच्या असल्या की कन्नड, मधल्या सगळ्या व्यवहाराला मराठी. एकटे अप्पा तेवढे हळू बोलत. पेठेतच त्यांचं टॉवेल-चादरींचं दुकान होतं, आणि गिऱ्हाईक असो की घरातलं माणूस, अप्पा बोलायला लागले की समोरचा आपोआप गप्प व्हायचा. आवाज चढवायची त्यांच्यावर कधी वेळच आली नाही. मला लहानपणी याचा अभिमान वाटे. आता वाटतं, ज्या घरात एकाच माणसाला हळू बोललेलं चालतं, त्या घराची भीती वाटायला हवी होती.

माझी बहीण नंदा माझ्याहून तीन वर्षांनी लहान. अभ्यासात माझ्याहून हुशार, आणि शिवाय तिला एक देणगी होती. कोणाचाही आवाज ती हुबेहूब काढायची. भाजीवाल्या मावशीचा, शाळेतल्या मुख्याध्यापिका बाईंचा, आत्याचा. पण तिचा खरा हात बसला होता अव्वावर. अव्वा अंगणात कपडे वाळत घालत असली की नंदा स्वयंपाकघरातून ओरडायची, “सुवर्णे, दूध उतू चाललंय बघ की!” आणि मी अभ्यास टाकून धावायची. गॅसवर दूधच नसायचं. अव्वा या खेळावर सगळ्यांत जास्त हसायची. “मी मेले तरी कुणाला कळायचं न्हाय,” असं ती एकदा हसता हसता म्हणाली होती. अशी वाक्यं प्रत्येक घरात रोज बोलली जातात. ती सगळीच खरी झाली असती तर गावंच्या गावं ओस पडली असती.

मला डॉक्टर करायचं, हे अप्पांनी मी पाचवीत असतानाच ठरवून टाकलं होतं. इथल्या परीक्षेत मार्क कमी पडले, तेव्हा कोणीतरी त्यांना किर्गिझस्तानचं सांगितलं. तो देश नकाशावर कुठं आहे हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. अव्वानं एवढंच विचारलं, “तितं ज्वारी मिळती का?” पेठेतलीच शबाना, माझ्याबरोबर कॉलेजात होती, तिचाही प्रवेश तिथंच झाला. म्हणजे सोबत आहे म्हणून मला सोडलं. बॅगेत पुस्तकांपेक्षा कडक भाकरी जास्त होती. पातळ, कुडकुडीत, महिनोन्‌महिने टिकणारी. आणि शेंगाचटणीची मोठी पिशवी.

बिश्केकमधलं आमचं वसतिगृह म्हणजे रशियन काळातली पिवळट इमारत होती. खोलीत मी आणि शबाना. खिडकीखालचा गरम पाण्याचा लोखंडी पाइप हिवाळ्यात इतका तापे की आम्ही ओले मोजे त्यावर वाळवायचो, आणि खिडकीच्या पलीकडं रस्ता बर्फानं पांढरा झालेला. कॉलेजला जायला मार्शरुत्का नावाची छोटी व्हॅन. तिच्यात आपल्या वडापच्या जीपसारखीच माणसं कोंबलेली असत, फरक एवढाच की कोणी एक शब्द बोलत नसे. मी आणि शबाना बोलायला लागलो की सगळी व्हॅन वळून बघे. एकदा एका बाईनं माझ्या तोंडासमोर बोट धरून “श्श” केलं. भवानी पेठेतली मुलगी, तिला हळू बोलणं म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. शरीररचनाशास्त्राच्या बाई तर मला उभं करून सगळ्या वर्गासमोर माझ्या रशियन उच्चारांची नक्कल करत, आणि वर्ग हसून घेई. खाण्याचे हाल वेगळेच. आम्ही लिंगायत, घरात अंडंसुद्धा कधी शिजलं नाही. तिथं बाजारात घोड्याच्या मांसाच्या जाड जाड वळकट्या टांगलेल्या. शबाना त्या दुकानापुढून जाताना माझ्या डोळ्यांवर हात ठेवी आणि म्हणे, “नक्को देख. सीधी चल.” गोल, फुगीर पाव तेवढा मला चाले. त्याला चटणी लावून मी दोन्ही वेळ जेवायची.

रविवारी दुपारी घरून फोन यायचा. कॅमेरा सुरू करायचा नाही, हा अव्वाचाच नियम. “तुजं तोंड बघितलं की मला रडू येतंय. नुसतं बोल,” ती म्हणे. फोन कानाला लागला की तिचा पहिला शब्द ठरलेला, “ऊटा आतेनु?” जेवण झालं का? मग मागांचा खटखटाट, मग पेठेतल्या सगळ्या बातम्या, मग फोन नंदाकडं. नंदा पहिली दोन वाक्यं अव्वाच्या आवाजात बोलून मला फसवायची आणि मागून अव्वाचं हसू ऐकू यायचं. त्या अर्ध्या तासावर मी पुढचा आठवडा ढकलत होते.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळी सुट्टीत शबाना घरी गेली. मी जाऊ शकले नाही, माझा एक विषय राहिला होता आणि त्याची फेरपरीक्षा त्याच सुट्टीत होती. तो विषय निघाला नसता तर वर्ष गेलं असतं. त्या सुट्टीत दोन रविवार फोनच आला नाही. मी लावला तर अप्पांनी उचलला. “अव्वाला जरा ताप हाय. झोपलीय. तू अभ्यास कर,” एवढंच ते नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले. तिसऱ्या रविवारी फोन आला. अव्वाचा आवाज बसलेला, घोगरा.

“जेवलीस का गं सुवर्णे?”

“अव्वा, बरं वाटतंय का तुला?”

“व्हय. घसा धरलाय नुसता. पेपर कसा गेला?”

पेपर बरा गेला होता. मी तेच बडबडत राहिले. ती ऐकत होती, मधूनमधून हं हं करत होती. शेवटी मी नंदाला मागितलं, तर थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही, नुसते माग. मग नंदा आली. “बोल,” म्हणाली. फसवाफसवी नाही, काही नाही. बारावीचा अभ्यास लई आहे म्हणाली आणि फोन बंद झाला.

शबाना परत आली ती माझ्यासाठी कडक भाकरी आणि चटणी घेऊन. “अव्वा ने दिए,” असं तिनं बॅग उघडताना माझ्याकडं पाठ करून सांगितलं. चटणीत लसूण जास्त पडला होता आणि शेंगा नीट कुटलेल्या नव्हत्या. आजारातून उठल्या उठल्या केली असेल, असं मी म्हटलं. शबाना बॅग रिकामी करत राहिली. पण त्या दिवसापासून ती माझ्याशी भांडायची बंद झाली. आधी आमचं रोज वाजायचं, पाइपावर कोणाचे मोजे यावरून, दिवा कधी मालवायचा यावरून. आता ती माझे मोजेसुद्धा धुऊन टाकायची. मला वाटलं, सोलापूरचं पाणी पिऊन आलं की माणूस सुधारतो.

आणि मग माझ्या आयुष्यातला सगळ्यांत आनंदाचा वसंत सुरू झाला. हे वाक्य मी खोडून पुन्हा लिहिलं आहे, आणि ते तसंच ठेवते, कारण ते खरं आहे. एरवी “फिरण्यात वेळ घालवू नको” म्हणणारे अप्पा आता दर फोनला विचारू लागले, “कुटं फिरून आलीस की न्हाय? एवढ्या लांब गेलीस, बघून घे सगळं.” शबानाही दर सुट्टीला कुठंतरी जायचा बेत काढी. शहराबाहेर डोंगराच्या कुशीत अला-अर्चा नावाची दरी आहे. तिथं बर्फ वितळून पांढरं फेसाळ पाणी दगडांवरून धावत होतं आणि आम्ही त्यात पाय बुडवून किंचाळलो. बुरानाचा जुना विटांचा मिनार पाहिला. त्याच्या आतला जिना इतका अंधारा आणि अरुंद की शबाना निम्म्यात बसून कलमा म्हणायला लागली, आणि वर पोचल्यावर चारी बाजूंना हिरवं गवत, मधे मधे लाल ट्यूलिप, लांबवर बर्फाचे डोंगर. शहरातून कुठूनही दक्षिणेला बघितलं की ते डोंगर दिसत. सोलापूरच्या माणसाला एवढा उंच डोंगर म्हणजे कोणीतरी भिंतीवर टांगलेलं कॅलेंडरच वाटतं.

मे महिन्यात आम्ही इसिक-कुल तळ्यावर गेलो. तळं कसलं, समुद्रच तो. पलीकडचा काठ म्हणजे हवेत तरंगणारी बर्फाची एक रेघ. एका म्हातारीच्या घरी उतरलो होतो. तिनं जर्दाळूचा मुरंबा आणि ताजा पाव पुढं ठेवला, आणि मी मांस खात नाही हे कळल्यावर माझ्या गालाला हात लावून बरंच काही बोलली. काय ते समजलं नाही, पण तिचा स्वर अव्वासारखा होता. मी दुपारी काठावर गुडघाभर पाण्यात उभी राहून हात पसरले आणि शबानानं माझे फोटो काढले. त्यातला एक अजून माझ्याकडं आहे. त्यात मी इतकी हसतेय की डोळे दिसत नाहीत. फोटो काढणारीला तेव्हा सगळं माहीत होतं.

तो रविवारच होता. मी काठावरूनच फोन लावला. “अव्वा, तुला इथं आणायला पायजे. तुला एवढं पाणी दाखवायचंय.”

पलीकडं मागांचा आवाज. मग ती म्हणाली, “तूच बघ. तुज्या डोळ्यानं मी बघते.”

“अव्वा, तू कन्नड विसरलीस का गं? हल्ली ऊटा आतेनु म्हणत नाहीस.”

“नंदीची बारावी हाय की. घरात मराठीच चाललंय सगळं.”

“आणि नंदी कुठंय? दोन महिने झाले, बोलत का नाही ती माझ्याशी?”

“ती क्लासला गेलीय.”

“रविवारी? मे महिन्यात? बारावी तर संपली की तिची.”

“रागावलीय ती तुज्यावर,” म्हणाली. “तू तितं हिंडतीयास, ती हितं घरकाम करती. सोड तिला.”

मला राग आला तो नंदाचा. हेवा करते म्हणजे काय? मी पुढच्या वर्षी तिच्यासाठीच खटपट करणार होते. तळ्यावरून परतताना व्हॅनमध्ये मी तासभर शबानाला नंदाबद्दल काहीबाही सांगत राहिले. शबाना खिडकीबाहेर बघत होती. “बच्ची है,” एवढंच एकदा म्हणाली.

परीक्षा झाल्या, सगळे विषय निघाले. जूनअखेर बिश्केकहून दिल्ली आणि दिल्लीहून रेल्वेनं सोलापूर. शबाना मुद्दाम चार दिवस मागं राहिली, काहीतरी कारण सांगून. निघायच्या दोन दिवस आधी अव्वाशी बोलणं झालं होतं. “सांभाळून ये,” म्हणाली होती. मी तिच्यासाठी लोकरीची शाल घेतली होती, सोलापूरच्या उन्हात तिचा काय उपयोग याचा विचार न करता.

स्टेशनवर अप्पा एकटे आले होते. केस पांढरे, दाढी वाढलेली. मी वाकून नमस्कार केला. “अव्वा नाही आली?”

“चल. तिकडंच जायचंय,” ते म्हणाले.

रिक्षा पेठेकडं वळली नाही. मी विचारलं तर अप्पा म्हणाले, “आधी दर्शन घेऊ.” मला वाटलं सिद्धेश्वराच्या देवळात. परीक्षा पास झाले, देवाला सांगून घरी जायचं, हे आमच्याकडं ठरलेलंच. पण रिक्षा देवळाच्या तळ्यावरूनही पुढं गेली आणि आमच्या लोकांच्या रुद्रभूमीपाशी थांबली. आमच्यात जाळत नाहीत, माणसाला बसवून पुरतात. अप्पा पुढं, मी मागं. एका नव्या कट्ट्यापाशी ते थांबले. वर वाळलेली बेलाची पानं होती. मी चप्पल काढून उभी राहिले आणि विचारलं, “कोणाचं हे?”

“तुज्या अव्वाचं.”

मी हसले. खरंच हसले. म्हणाले, “अप्पा, परवा तर बोलली माझ्याशी.”

“ती नंदी.”

एवढं सांगून अप्पांनी बेलाची जुनी पानं वेचून बाजूला केली, खिशातून नवी काढून ठेवली, आणि रिक्षावाल्याला थांब म्हणून हात केला. माझ्या आईच्या मरणाबद्दल माझ्या बापानं मला सांगितलेलं सगळं एवढंच. त्यांना ते बोलवत नव्हतं म्हणून त्यांनी दाखवलं, असं पुढं आत्या म्हणाली. असेल. मला मात्र वाटतं, एखाद्या कारागिरानं माल दाखवावा तसं त्यांनी मला काम पूर्ण झाल्याचं दाखवलं. पोरगी पास होऊन आली, आता हे सांगायला हरकत नाही.

बाकीचं मला आत्यानं सांगितलं. हिवाळ्यात अव्वाला कावीळ झाली. अप्पांनी आधी गावठी औषध आणून दिलं, त्यात आठवडा गेला. दवाखान्यात नेलं तेव्हा डोळे हळदीसारखे झालेले. चार दिवसांनी गेली. त्या दिवशी मी फेरपरीक्षेसाठी बसले होते. अव्वाला नेलं आणि माणसं घरी परतली, तेव्हा अप्पांनी नंदाला बाजूला बोलावून सांगितलं, “सुवर्णीला कळलं तर ती उठून येईल. वर्ष जाईल. तुला अव्वाचा आवाज काढता येतोय की. रविवारी तू बोल.” नंदा सतरा वर्षांची होती. सुटीवर आलेली शबाना भेटायला घरी आली होती, तिलाही अप्पांनी तोंड बंद ठेवायची शपथ घातली.

घरी गेले तेव्हा नंदा स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. अव्वाचं जुनं लुगडं, अव्वासारखाच मानेवर बांधलेला अंबाडा. वर बघितलं आणि म्हणाली, “हातपाय धू. वाढते.” मी तिला मिठी मारायला गेले तर तिनं पिठाचे हात वर धरले, जसं कोणी अंगावर येणाऱ्याला अडवावं. ती बारावीला बसलीच नव्हती. पहाटेपासून घरकाम, दुकानाचा डबा, आणि रविवारी फोन. मला कळलं की पहिल्या फोनला ती दोघी झाली होती, आधी अव्वा आणि मग नंदा. तो फोन ठेवल्यावर न्हाणीत जाऊन तिला उलटी झाली. नंतर तिला दोघी होणं जमेना, म्हणून तिनं हळूहळू नंदाला क्लासला धाडलं, मग रागावून बसवलं. मी तळ्याकाठी जिला शिव्या घालत होते, ती माझ्या कानाशीच होती.

“कन्नड का बोलत नव्हतीस?” मी तिला एकदा विचारलं.

“कन्नड बोलले की वाटायचं, तीच बोलतीय,” नंदा म्हणाली. “मराठीत तरी मी होते जराशी.”

मी परत जाणार नाही असं मी दुसऱ्याच आठवड्यात सांगून टाकलं. दिवस जात राहिले, कॉलेज उघडायची वेळ आली. एका दुपारी अप्पा जेवायला बसले होते, आत्या त्यांच्याशेजारी, मी भिंतीला टेकून, नंदा तव्यापाशी. मागं माग चालू. अप्पांनी पुन्हा विषय काढला, तोच हळू आवाज. “तिकीट काढायला पायजे.”

“मी जाणार नाही.”

“तुज्या अव्वाची इच्छा होती.”

“तिची इच्छा तुम्ही मला सांगू नका.”

अप्पांनी ताटातला घास तसाच ठेवला. क्षणभर विचार केला आणि शांतपणे म्हणाले, “नंदे, तू सांग हिला. अव्वासारखं सांग. त्या आवाजाचं ऐकती ही.”

आत्या भावाला म्हणाली, “अरे, काय बोलतोस शरण्या!” पण अप्पांचं लक्ष नंदाकडं होतं. नंदानं तव्यावरची भाकरी उलटली. पाण्याचा हात पदराला पुसला. वळून अप्पांसमोर येऊन बसली, अव्वा बसायची तशी, एक गुडघा वर करून.

“ऊटा आतेन री?” तिनं विचारलं.

अव्वा नवऱ्याला असंच विचारायची, शेवटचं ‘री’ जरा ओढून.

“पोरीला काय सांगू मी? जा म्हनून सांगू?” ती अप्पांकडंच बघत होती. “चार दिवस मी खाटेवरून म्हनत होते, सुवर्णीला फोन लावा. एकदा बोलू द्या. लावला का तुमी? पोरीचं वर्ष जातंय म्हनला. माजा जीव चालला होता, ते दिसलं न्हाय का तुमाला?”

“नंदे,” अप्पा म्हणाले.

“नंदी न्हाय हितं. नंदीला तुमीच घालवलं की. शेवटी तुमी पाणी पाजायला आलासा, तवा मी तोंड का फिरवलं, सांगू पोरीला? सांगू का री?”

अप्पांचा चेहरा भिंतीला लावायच्या चुन्यासारखा झाला. आत्या देव्हाऱ्याकडं धावली, विभूती घेऊन आली आणि नंदाच्या कपाळावर थापली. “अव्वा आली गं अंगात! शिवशिव! काय पायजे माग बाई, देतो आमी.” माझ्या बापाचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. एवढा मोठा माणूस उष्टा हात तसाच धरून भिंतीपर्यंत मागं सरकला. त्याची कीव करावी असं त्या क्षणी मला वाटलं नाही. मला वाटलं, हिनं थांबू नये.

नंदा थांबली. पदरानं कपाळावरची विभूती पुसून काढली आणि तिच्या स्वतःच्या, बारीक, सपाट आवाजात म्हणाली, “सरक आत्या. भाकरी करपतीय.”

अप्पा ताटावरून उठले. त्यानंतर ते नंदाशी गरजेपुरतं बोलत आणि बोलताना तिच्या पायांकडं बघत. पेठेत थोडे दिवस बोलणं झालं की त्यांच्या घरात बाई येते. नंदाचं लग्न त्यामुळं लांबलं. अंगात येणारी मुलगी कोण करून घेणार? अप्पांनी कोणालाही खरं सांगितलं नाही. बायको भूत होऊन आली, हे त्यांना मुलगी खरं बोलली यापेक्षा सोपं गेलं.

मी नंतर नंदाला गच्चीवर गाठलं. ती वाळलेल्या मिरच्या गोळा करत होती. “अव्वा खरंच तसं म्हणाली होती? पाण्याचं? तोंड फिरवलं होतं तिनं?”

ती बराच वेळ मिरच्यांची देठं मोडत राहिली. “मला आता आठवत न्हाय सुवर्णक्का,” म्हणाली, “ती काय म्हनली अन् मी काय म्हनले. सगळं एक झालंय.”

मग मी म्हणाले, मी इथंच राहते, तू बारावी दे, तू शीक. मला वाटलं होतं ती रडेल. तिनं टोपली खाली ठेवली आणि माझ्याकडं जसं बघितलं तसं त्याआधी आणि त्यानंतर माझ्याकडं कोणीच बघितलेलं नाही.

“आता?” ती म्हणाली. “आता मला शिकवतीस? जा की तू. डॉक्टर हो. पाच महिने मी मेलेली बाई होऊन बसले ते काय फुकट?”

मी गेले. उरलेली वर्षं काढली. शबानाशी दोन महिने बोलले नाही. मग एका सकाळी बाहेर कडाक्याची थंडी असताना ती माझ्या खाटेपाशी येऊन म्हणाली, “तेरे अप्पा मेरे सामने रोए. मेरे कू कसम दिए. मैं क्या करती, तूच बोल.” पाइपावरचे तिचे वाळलेले मोजे मी तिला काढून दिले. त्या वर्षांत मी कुठंही फिरायला गेले नाही. डोंगर खिडकीतून दिसत, तेवढेच.

नंदानं पुढं बाहेरून बारावी केली, उशिरा लग्न झालं, आता ती पेठेतच राहते आणि अप्पांचं दुकान तीच चालवते. अप्पा शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होते, तेव्हा त्यांचं सगळं तिनंच केलं. त्यांना पाणी पाजताना ती एक शब्द बोलत नसे. आम्ही दोघी बहिणी आहोत, तशा नीट आहोत. सणाला मी सोलापूरला जाते, ती माझ्यासाठी शेंगापोळ्या करते. पण ती मला फोन करत नाही आणि माझा उचलत नाही. काही कळवायचं असलं तर लिहून पाठवते.

वय वाढलं तसा तिचा आवाज जाड झाला. आता तिला अव्वाचा आवाज काढावा लागत नाही, तोच तिचा झालाय. घरी गेल्यावर मी बाहेरच्या खोलीत बसलेली असते आणि ती आतून हाक मारते, “सुवर्णक्का, चहा ठेवू का?” मी बसल्या जागेवरून ओ देत नाही. उठते, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाते, तिचं तोंड नीट बघून घेते, आणि मगच हो म्हणते.